वाफ इकडे, बर्फ तिकडे

आमच्या ऑकलंडच्या मराठी मंडळाबद्दल मला एकच चांगलं वाक्य लिहिता येईल: त्यांची मिसळ झकास असते. बाकी कशाहीबद्दल विचारलंत तर माझ्या तोंडाला लगाम राहत नाही.

ही सगळी पुण्या-मुंबईहून आलेली शिकली-सवरलेली माणसं. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी पूल बांधतं, कुणी शिकायला म्हणून आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरी पोरं पोहायचे कपडे सापडेनात की 'आई, व्हेअर आर माय टॉग्ज?' म्हणून ओरडतात आणि ही मंडळी स्टेजवर जाऊन मायमराठीच्या नावाने गळा काढतात. अध्यक्षांचं तर विचारूच नका. त्यांचं प्रत्येक वाक्य 'बेसिकली'ने सुरू होतं आणि पुढे त्यात काहीच बेसिक नसतं. मी एकदा त्यांच्या दिवाळीच्या आमंत्रणातलं शुद्धलेखन दुरुस्त करून परत पाठवलं होतं, तेव्हापासून माझ्यामागे मला 'लाल पेन' म्हणतात. हे मला कळावं अशीच व्यवस्था करून म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही, हे खरंच आहे. ऑफिसात मी पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची गणितं करते, तिथेही माझा साहेब नकाशा पुढे सरकवण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो.

अशा माणसांकडे मी आपण होऊन फोन करून काही मागेन, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण बाबांसाठी मी तो फोन केला.

बाबा त्या वर्षी आमच्याकडे आले होते. आई जाऊन थोडे दिवस झाले होते. सांगलीच्या घरात ते एकटे राहत होते आणि एका सकाळी न्हाणीघरात पडले. दूधवाल्याने हाका मारल्या, उत्तर आलं नाही, म्हणून शेजाऱ्यांनी दार उघडलं. हाड मोडलं नाही, पण मी तडक जाऊन त्यांना इकडे घेऊन आले. परतीचं तिकीट काढलेलं होतं, तरी मुक्काम वाढवता येत होता. फक्त त्यांनी हो म्हणायला हवं होतं. मी त्यांना रोज काही ना काही पटवत होते. इथली हवा बघा, इथली हॉस्पिटलं बघा, इथे माणूस पडलाच तर किती झटकन मदत येते बघा. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "इथे मला काम काय?"

बाबांनी जन्मभर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवलं. त्यांच्या वर्गात कुणी मान डोलावली तर त्यालाच आधी उभं करायचे. "काय कळलं ते सांग," म्हणायचे, आणि बहुतेक वेळा काहीच कळलेलं नसायचं. असा माणूस माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घरात सकाळी उठून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायचा, दुकानदाराने 'किया ओरा' म्हणून नमस्कार केला की हेही 'किया ओरा' म्हणायचे, आणि परत येऊन खिडकीशी बसायचे. दिवसभरात त्यांचं तेवढंच बोलणं व्हायचं. माझ्या मुलीशी बोलायला जायचे तर ती सगळं समजून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. बाबांना तिचे उच्चार कळायचे नाहीत आणि परत विचारायची त्यांना लाज वाटायची. माझ्या बापाला लाज वाटते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग तो धूमकेतू आला. भर उन्हाळा होता, जानेवारीचा. संध्याकाळी पश्चिमेला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. आम्ही गाडी काढून हिल्सबरोच्या चढावर गेलो, तिथून खाली बंदराचं पाणी आणि वर मोकळं आकाश. निम्मा गाव जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून तिथे लोटला होता आणि प्रत्येक जण धूमकेतूकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत होता. आमच्या शेजारी एक मराठी जोडपं उभं होतं. नवरा बायकोला सांगत होता, "बघ, शेपूट मागे आहे ना, म्हणजे तो त्या बाजूला चाललाय."

बाबा गर्रकन वळले. "कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

तो बिचारा दचकला. बाबांनी त्याला तिथल्या तिथे सोलून काढला. शेपूट मागे राहायला ती काय गाडीमागची धूळ आहे? तिथे ना वारा, ना हवा. शेपूट नेहमी सूर्याच्या उलट्या दिशेला. धूमकेतू सूर्याकडे येत असतो तेव्हा ती त्याच्या मागे असते, आणि सूर्यापासून लांब जायला लागला की तीच शेपूट पुढे आणि हा मागे. तो माणूस म्हणाला, "असं कसं होईल, काका?" आणि बाबांचा चेहरा उजळला. दोघं बराच वेळ भांडले. परतताना गाडीत बाबा थांबतच नव्हते. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

पुढचा आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरली. मी संध्याकाळी ऑफिसातून आले की बाबा तवा तापवून तयार. धिरडी घालायच्या आधी तवा तापलाय का बघायला आपण पाण्याचा हबका मारतो. तवा नुसता गरम असेल तर पाणी चर्र करून तिथेच आटतं. कडकडीत तापला असेल तर मात्र थेंब मोत्यासारखे गोल होतात आणि सैरावैरा पळतात.

"का पळतात?" बाबा विचारायचे.

"त्यांच्याच वाफेवर तरंगतात म्हणून."

"हं. आता बर्फाकडे ये."

धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा मळकट गोळा. सूर्याजवळ आला की तापतो, आतली वाफ कोंडते आणि फुटून बाहेर पडते, तिच्याबरोबर धूळ उडते आणि बर्फाचे तुकडेही उडतात. उडतात ते बहुतेक उन्हाच्या बाजूने, कारण तापते तीच बाजू. बारीक धुळीला उन्हाचाच रेटा पुरतो, ती मागे ढकलली जाते आणि तिची शेपूट होते. तुकड्यांचं तसं नाही. ते उन्हाच्या रेट्याला भीक घालत नाहीत. मोठे ढेकळासारखे तुकडे तर माणूस चालेल इतक्याच वेगाने निघतात, गोळ्याच्या आसपास घुटमळतात, काही परत त्याच्यावरच पडतात. मधल्या तुकड्यांची मात्र गंमत आहे. त्यांच्या उन्हाकडच्या अंगाचा बर्फ थेट वाफ होऊन सूर्याच्या दिशेने सुटतो. वाफ तिकडे सुटली की तुकड्याला उलटा धक्का बसतो. सूर्याच्या दिशेने उडालेला तुकडा हळूहळू थांबतो, वळतो आणि सूर्यापासून लांब ढकलला जातो. ढकलणारी वाफ त्याचीच.

"वाफ इकडे," बाबा डावा हात खिडकीकडे करायचे, "बर्फ तिकडे." उजवा हात फ्रिजकडे. माझी मुलगी चिप्स खात हे बघायची. "दॅट्स हीप्स कूल, आजोबा," ती म्हणाली. बाबांनी तिला मराठीत पुन्हा सांगायला लावलं. तिने दोन शब्द मराठीत आणि बाकी हातवारे करून सांगितलं, आणि दिशा मात्र बरोबर दाखवली.

त्या रात्री जेवताना मला सुचलं की या माणसाला काम हवंय ते हेच. त्याला समोर वर्ग हवा. आणि माउंट रॉस्किलमध्ये मराठी समजणारा वर्ग एकाच ठिकाणी मिळतो. मी अभिमान गिळून अध्यक्षांना फोन केला.

"ताई, बेसिकली ग्रेट आयडिया," ते म्हणाले. "शनिवारी तिळगूळ-हळदीकुंकू आहेच, त्यालाच जोडून स्लॉट देतो. विषय काय म्हणालात?"

"धूमकेतू."

"स्वीट ॲज," ते म्हणाले, म्हणजे इथल्या भाषेत झकास.

दोन दिवसांनी ग्रुपवर रंगीत जाहिरात आली. झेंडूच्या माळा, समई, कोपऱ्यात बाबांचा मी पाठवलेला फोटो, आणि मधे ठळक अक्षरांत: 'केतू शांती व प्रवचन. येताना नारळ आणावा.'

मी कपाळाला हात लावला. जाहिरात करणाऱ्या बाई संगणकात पदव्युत्तर शिकलेल्या. त्यांनी 'धूमकेतू' ऐकलं, त्यातला 'धूम' त्यांना दिसला नाही आणि 'केतू' दिसला. आमच्या लोकांना राहू-केतू कुठेही दिसतात. घर घ्यायचं असो, नोकरी बदलायची असो, रेसिडन्सीचा अर्ज अडकलेला असो. सांगलीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवरच्या माणसाला धूमकेतू म्हणजे काय ते ठाऊक असतं, पण हे पासपोर्टवर शिक्के मिरवणारे लोक आकाशात बर्फ दिसला तरी आधी नारळ शोधणार. मी अध्यक्षांना फोन करून झापलं. ते म्हणाले, "ताई, रिस्पॉन्स हीप्स आलाय. आता चेंज नको. पब्लिक येतंय ना? मग काका त्यांना हवं ते बोलू देत."

मला वाटलं बाबा चिडतील, नाही म्हणतील. त्यांनी जाहिरात बघितली, चष्मा वर केला आणि पोटभर हसले. "येऊ दे," म्हणाले. "चांगलं कडाक्याचं भांडण होईल." शनिवारी त्यांनी स्वतः इस्त्री केलेला सदरा घातला.

हॉलमध्ये शिरलो तर स्टेजवर चौरंग, त्यावर लाल कापड. विजेची शेगडी आणि तवा मी आधीच पाठवला होता, तो चौरंगावर ठेवून कुणीतरी त्याला हळदीकुंकू वाहिलं होतं. माझ्या घरच्या धिरड्याच्या तव्याला! बाबा बसायच्या आत बायकांची रांग लागली, एकेक बाई वाकून पाया पडायला लागली. एकीने विचारलं, "काका, यांचा केतू सातव्या घरात आहे, म्हणून पीआर अडकलंय का हो?" बाबा म्हणाले, "केतू कुठल्याच घरात नाही, कारण केतू नावाचा ग्रहच नाही." आणि ते वाट बघायला लागले.

ती बाई म्हणाली, "बरोबर आहे, काका," आणि तिळगूळ देऊन पुढे सरकली.

व्याख्यानात तेच. बाबांनी पहिल्याच वाक्याला ठिणगी टाकली. म्हणाले, "ज्यांनी नारळ आणलेत त्यांनी घरी जाऊन चटणी करावी, धूमकेतूला नारळ लागत नाही." सगळे हसले, मान डोलावली. बाबा म्हणाले, "धूमकेतूने कुणाचं वाईट होत नाही." मान डोलावली. "आणि कुणाचं बरंही होत नाही." तरीही डोलावली. त्यांनी सांगितलं असतं की चंद्र श्रीखंडाचा आहे, तरी त्या हॉलने मान डोलावली असती. मला एकेकाला उभं करून 'काय कळलं ते सांग' म्हणावंसं वाटत होतं. बाबांनाही वाटत असणार, पण पाहुण्यांना तसं करता येत नाही. त्यांचा आवाज उतरत चालला. मधे एकदा ते वाक्य विसरले आणि पाणी प्यायले.

तवा तापला. बाबांनी पाणी शिंपडलं. थेंब कुंकवातून लाल होऊन पळायला लागले, हॉलभर 'आऽऽ' झालं आणि सगळे मोबाइल वर गेले. बाबा बर्फाच्या तुकड्यांकडे आले, वाफेचं सांगितलं. तेवढ्यात अध्यक्ष उभे राहिले. पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाली होती आणि त्यांना काहीतरी हुशार विचारून आटोपायचं होतं.

"म्हणजे बेसिकली, काका, वाफ सूर्याकडे जाते आणि तुकडाही सूर्याकडे खेचला जातो. राइट?"

बाबा थांबले. त्यांनी डावा हात उचलला, मग खाली घेतला.

"हो," ते म्हणाले. "तुकडाही सूर्याकडे."

चूक. साफ उलट. आठवडाभर जे घोकलं होतं त्याच्या बरोबर विरुद्ध. आणि शंभर शिकलेल्या माना डोलल्या. त्या हॉलमध्ये इंजिनिअर खच्चून भरले होते, धक्का आणि उलटा धक्का यावर परीक्षा देऊन आलेले, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. ते 'हो' बाबांऐवजी दुसऱ्या कुणाचं असतं तर मी खुर्चीवर उभी राहून ओरडले असते. मी बसून राहिले. मला बाबांचा इस्त्रीचा सदरा दिसत होता, छातीवर घामाने चिकटलेला. मला वाटलं, जाऊ दे. मी टाळ्या वाजवल्या. इतरांपेक्षा जास्तच वाजवल्या.

त्यांना शाल दिली, नारळ दिला. अध्यक्षांनी समारोपात आपण सगळे भारतमातेपासून उडालेले तुकडे आहोत वगैरे अक्कल पाजळली. ती मी ऐकली नाही. मिसळ खाल्ली. अध्यक्ष येऊन म्हणाले, "काका, पुढच्या महिन्यात मंगळावर घेऊ या. मंगळाला तर पब्लिक तुटून पडेल." बाबा हसले नाहीत.

घरी आलो. मी तवा घासायला घेतला, कुंकू काही निघत नव्हतं. बाबा टेबलाशी बसले होते, शालीची घडी तशीच समोर.

"छान झालं, बाबा," मी म्हटलं.

"काय छान झालं?"

"सगळंच. तवा तर फारच आवडला लोकांना."

"तुकडा कुठे जातो?" त्यांनी विचारलं.

मी नळ बंद केला नाही. "सूर्याच्या उलट."

"मी काय सांगितलं?"

मी तवा घासत राहिले.

"तू ऐकलंस," ते म्हणाले. "तिसऱ्या रांगेत होतीस. माझ्या तोंडून गेलं, तुझी भुवई उडाली, तेव्हा मला चूक कळली. मी थांबलो होतो, तू बोलशील म्हणून. तुझ्या साहेबाला सोडत नाहीस, त्या अध्यक्षाला सोडत नाहीस, रस्त्यावरच्या पाटीला सोडत नाहीस. मला सोडून दिलंस."

"तुम्ही दमला होता."

"तेच म्हणतोय. दमलेल्याला सोडून देतात. पोराला सोडून देतात. ज्याच्याकडून आता काही अपेक्षा नाही त्याला सोडून देतात." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचा मला जास्त राग आला. "त्या लोकांना कळलं नाही, ठीक आहे, ते मूर्खच आहेत. तुला कळलं आणि तू टाळ्या वाजवल्यास."

मी वळले. माझे हात साबणाने भरले होते. "राहा ना, बाबा," मी म्हटलं. इतक्या महिन्यांत मी त्यांना हवा सांगितली, हॉस्पिटलं सांगितली, पण हे दोन शब्द म्हटले नव्हते. "मला तुम्ही इथे हवे आहात."

त्यांनी समोरची शाल बाजूला सरकवली. मग म्हणाले, "माहिती आहे मला. पण मी राहिलो तर असंच होत जाईल. मी चुकत जाईन आणि तू छान झालं म्हणत जाशील. मग एक दिवस मला चूक झाली हेही कळणार नाही, आणि तू तेव्हाही छानच म्हणशील. तुझं प्रेम आहे म्हणून म्हणशील. मला नको ते."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी भांडले. कुणाही परक्याशी भांडावं तशी भांडले. हट्टी म्हटलं, अहंकारी म्हटलं. सांगलीत न्हाणीघरात पुन्हा पडलात तर कोण येणार आहे, तुमचं विज्ञान येणार आहे का उचलायला, असं विचारलं. एका बारीकशा चुकीपायी माणूस लेकीचं घर सोडतो का, असं विचारलं. वरून मुलगी खाली आली, आमच्याकडे बघून परत वर गेली. बाबा एकेका वाक्याला उत्तर देत होते, टेबलावर हात आपटत होते. गालांवर रंग चढला होता. हिल्सबरोच्या चढावर त्या अनोळखी माणसाशी बोलताना दिसले होते तसे दिसत होते.

"तुम्ही चुकताय," मी शेवटी ओरडले. "परत जाण्यात तुम्ही साफ चुकताय."

"सिद्ध कर," बाबा म्हणाले.

मी साबणाचे हात पुसले. माझ्याकडे हवा होती, हॉस्पिटलं होती, पडण्याची भीती होती, आणि ते सगळं माझं आधीच वापरून झालं होतं. बाबा खुर्चीत पुढे वाकून खरंच वाट बघत होते, वर्गात बघायचे तशी. मला अजूनही वाटतं की ते चुकले. पण त्या टेबलाशी उभं राहून मला ते सिद्ध करता आलं नाही, आणि ठरल्या तिकिटाच्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडून आले.